जुन्या लुगड्यातली पाठराखीण

ती घटना आठवली की आजही माझे हात आपोआप जोडले जातात. माझ्यासारख्या तापट माणसाचे हात सहसा जोडले जात नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. नोकरीत मी चोर पकडले, दरोडेखोर पकडले, खुनाचे तपास केले, आणि लोकांनी माझी वाहवाही केली. या प्रकरणात मात्र ज्यांची वाहवा व्हायला हवी होती त्यांना कुणी साधा नमस्कारही केला नाही. ते माझ्या मनाला लागून राहिलं आहे. नाव कुणाचंच घेणार नाही. त्यातल्या बायका आज नातवंडं खेळवत असतील, त्यांच्या दारात कुणी चौकशीला जाऊ नये.

मी मूळचा साताऱ्याकडचा. मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम ओसरली आणि माझी बदली फौजदार म्हणून रत्नागिरीला झाली. सकाळी शिपायांची हजेरी घ्यायची, रोजनामा तपासायचा, बोटीच्या दिवशी बंदरावर बंदोबस्त ठेवायचा, आणि उरलेला वेळ तक्रारी ऐकायच्या. तक्रारी तरी कसल्या? याने कुंपणाचा दगडी गडगा हातभर सरकवला, त्याच्या आंब्याच्या कलमाची फांदी आमच्या आवारात आली. माझा जमादार तिथलाच होता. तो म्हणायचा, "सायेब, आमच्याकडं खून होत नाय. खून केला तर खटला लवकर संपतो ना!"

एक दिवस दुपारी जेवायला घरी गेलो. आमच्या हिने ताट वाढलं आणि समोर बसून विचारलं, "अहो, तुमच्या रत्नागिरीत पाठराखीण म्हणून जायचा धंदा असतो का हो?"

"काहीतरीच काय बोलतेस?"

"काहीतरीच नाही. नीट ऐका, मग काय ओरडायचं ते ओरडा."

नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा माहेरची एक बाई तिच्यासोबत जाते, ती पाठराखीण, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमची ही काही दिवसांपूर्वी वहिनीच्या बाळाच्या बारशाला मुंबईला गेली होती. बोटीवर बायकांच्या घोळक्यात एक नवरी होती. हातभर हिरव्या बांगड्या, पायांची हळद ओली, आणि बोट लागल्याने बिचारी सारखी ओकत होती. एक बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती पाठराखीण. पुढे ही मुंबईहून परतली तेव्हा तीच बाई त्याच बोटीने एकटी परत येत होती.

"मग त्यात काय? पोचवून आली," मी म्हटलं.

"त्यात काय? तिच्या अंगावर तेच विटकं लुगडं होतं हो, खांद्यावर दोरा भरलेलं! पाठराखीण सासरहून परत येते ती नव्या लुगड्यात. व्याही कितीही फाटका असो, एक लुगडं, खण आणि नारळ दिल्याशिवाय तिला उंबऱ्याबाहेर सोडत नाही. आणि नवरी कुठे होती? मांडवपरतणीला तिने हिच्यासोबतच यायला हवं ना?"

"असेल एखादा कंजूष व्याही."

"मीपण तेच म्हटलं. पण आज सकाळी मी बाजारात कासाराकडे गेले होते. तिथे तीच बाई, अंगावर तेच लुगडं, आणि शेजारी दुसरीच मुलगी चुडा भरत होती. 'पाठराखीण मीच जाणार, परवाच्या बोटीनं,' असं ती कासारणीला सांगत होती. आता सांगा."

ताट तसंच सोडून मी उठलो. ठाण्यावर जाऊन जमादाराला हकीकत सांगितली, तर तो मिशीतल्या मिशीत हसला. "सायेब, जुना लुगडा नेसल्याचा कलम कुठला लावायचा?"

त्याचं हसणं चुकीचं नव्हतं. तक्रारदार नाही, फिर्याद नाही, हाती पुरावा नाही. शिवाय खरी अडचण वेगळीच होती. सासरी निघालेली मुलगी पोलिसांनी बंदरावरून परत फिरवली, एवढी बातमी गावात गेली आणि आमचा संशय खोटा ठरला, तर त्या पोरीचं आयुष्य उठलंच म्हणायचं. म्हणून मी वर्दी घातली नाही. धोतर, साधा कोट, हातात छत्री असा वेश करून, हिला सोबत घेऊन, कुणाला पोचवायला आल्यासारखा बंदरावर गेलो. जमादारही साध्या कपड्यांत थोड्या अंतरावर उभा राहिला.

रत्नागिरीला बोट लांब खोल पाण्यात उभी राहायची. उतारूंना पडावात, म्हणजे लहान होडीत, बसवून बोटीच्या शिडीपाशी न्यायचे. धक्क्यावर ती मंडळी दिसली. मुलगी खाली मान घालून उभी होती, चौदा-पंधराची असेल. तिचा बाप डोळे पुसत होता. तीच बाई, तेच लुगडं. हिने माझ्या कोपराला हलकेच स्पर्श केला. त्यांच्यात इस्त्रीचा कोट आणि काळी टोपी घातलेला एक गृहस्थ होता. हे लग्न जमवणारा दलाल तो. नवरा आधीच पडावात जाऊन बसला होता.

मी पुढे होऊन ओळख सांगितली आणि हळू आवाजात दोन गोष्टी विचारायच्या आहेत असं म्हटलं. मुलीचा बाप हात जोडून पुढे आला.

"सायेब, माझ्या लेकीची अब्रू अशी धक्क्यावर मांडू नका हो! घरात बायको अंथरुणाला खिळलेली हाय. पाठवायला घरात बाईमाणूस नाय, म्हणून ह्या भल्या माणसानं पाठराखीण पण आपणच दिली. त्यात काय चुकला आमचा?"

त्याच क्षणी मला तो धंदा उमगला. हे लोक अशीच घरं हेरत होते, जिथे मुलीसोबत जायला कुणीच बाई नाही. कोकणातली आई पाठराखीण नसताना लेक पाठवणार नाही, हे दलालाला माहीत होतं. म्हणून पाठराखीण तोच पुरवायचा. पण ती परत येते तेव्हा काय नेसून येते, हे त्याला ठाऊक नव्हतं. बायकांच्या रीतीतलं अर्धंच त्याने उचललं होतं.

मी दलालाला विचारलं, "ही बाई याआधी किती वेळा मुंबईला गेली आहे?"

तो गोड हसला. "छे हो साहेब! बिचारी आज पहिल्यांदाच बोटीत चढतेय. केवळ उपकार म्हणून येतेय."

पडावाचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, हे ऐकत वल्हं धरून उभा होता. तो मोठ्याने म्हणाला, "पयल्यांदा? अरे माज्या द्येवा! मागल्या खेपेला हिला शिडीवर मीच चढवली. एका पोरीला घेऊन गेली व्हती." मग पडावात बसलेल्या नवऱ्याकडे त्याने नीट निरखून पाहिलं आणि तो जवळजवळ किंचाळलाच, "सायेब, पाठराखीण ऱ्हावदे! ह्यो नवरा पण तोच हाय!"

नवऱ्याने पडावातून उडी टाकली. पोहता येत नव्हतं. तांडेलाच्या माणसांनी गचांडी धरून त्याला वर काढलं, तेव्हा तो देवाचं नाव घेत खोकत होता. मुलीच्या बापाने दलालाकडे एकदा पाहिलं, लेकीला छातीशी धरलं आणि धक्क्यावरच मटकन खाली बसला. "वाचलो रे," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्या बापलेकीला मी जबानी घेऊन त्याच दिवशी बैलगाडीतून त्यांच्या गावाला रवाना केलं.

ही पोर वाचली. पण मागच्या खेपेची? आमच्या हिच्या डोळ्यांसमोर जी बोटीवर ओकत होती, ती कुठे होती? तिच्यासाठी आता एकेक दिवस मोलाचा होता.

ठाण्यात मी आधी नवऱ्याला घेतलं. तो भडाभडा बोलला, पण त्याच्याजवळ सांगण्यासारखं फारसं नव्हतं. बाशिंग बांधून उभं राहायचं, मुंबईला धक्क्यावर उतरायचं आणि आपल्या वाटेने चालू लागायचं, एवढंच त्याचं काम. मुली पुढे कुठे जातात, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. दलाल त्याच्या उलट. तो तासन्‌तास बोलायचा आणि त्यातून हाती काही लागायचं नाही. "बाप राजी, नवरा राजी, मग फौजदार, तुमचं काय जातं?" वकिलाची धमकी झाली, जिल्ह्याच्या साहेबांना अर्ज करायची धमकी झाली. माझा अनुभव असा की खोटारडा माणूस फार बोलतो आणि भ्यालेला गप्प बसतो. ती बाई गप्प होती. मी समजावून पाहिलं, आवाज चढवून पाहिलं, जमादाराने देवाची शपथ घालून पाहिली. भिंतीशी बोलावं तसं झालं.

त्या काळी आमच्या ठाण्यात बायकांसाठी वेगळी कोठडी नव्हती. म्हणून बाहेर शिपाई बसवून तिला माझ्या बिऱ्हाडाच्या पडवीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची ही पडवीत तांदूळ निवडत बसली होती. त्या बाईने न सांगता सूप ओढून घेतलं आणि पाखडायला लागली. मी आतल्या खोलीत कोट चढवत होतो. हिने ना मुलीचा विषय काढला, ना दलालाचा. तिने सहज विचारलं, "तुझ्या लग्नात तुझ्यासोबत पाठराखीण कोण गेली होती गं?"

सुपाचा आवाज थांबला. मग असा हंबरडा ऐकू आला की बाहेरचा शिपाई दंडुका घेऊन आत धावत आला.

"कोन नाय गो बाय! मलाच कोन नव्हती! कोन असती तर मी अशी गेले असते काय?"

त्यानंतर तिने सगळं सांगितलं. ती खेडकडची. काही वर्षांपूर्वी त्याच दलालाने तिचं असंच लग्न लावलं होतं. मुंबईला एका खोलीत ठेवलं, मग आगगाडीने दूर उत्तरेत नेऊन एका घराला विकलं. नावाला बायको, कामाला गुरासारखी. पहाटेपासून शेण, चारा, शेत, आणि निजायचं गोठ्यात. भाषा कळत नव्हती, त्यामुळे रडली तरी कुणाला समजत नव्हतं. आजारी पडून कामाची उरली नाही, तेव्हा त्यांनी तिला परत मुंबईला आणून टाकलं. दलालाने तिला ठेवून घेतलं आणि पाठराखीण बनवलं.

"घरी का गेली नाहीस?" मी विचारलं.

"आईबापानं माज्या नावानं पाणी सोडला सायेब. हा मेला सांगायचा, तोंड उघडलंस तर तुज्या गावात जाऊन सगळा सांगीन. मग जाऊ कुठं?"

"काल आम्ही एवढं विचारत होतो, तेव्हा का बोलली नाहीस?"

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमी त्या पोरींचा इचारलात. माजा कोन इचारला?"

मी जबानी लिहायला बसलो.

आधीची मुलगी अजून मुंबईच्या खोलीतच होती. मुलींना जोडीने न्यायचे, म्हणून मुली विकत घ्यायला आलेला उत्तरेकडचा माणूस दुसरीची वाट पाहत होता. दुसरी आली नाही तर तो एकीलाच घेऊन निघणार. खोलीचा पत्ता त्या बाईला सांगता येईना. गल्लीचं नाव तिने कधी ऐकलंच नव्हतं. "पाय न्हेतात तिकडं जाते," एवढंच ती म्हणे. मी मुंबईच्या पोलिसांना तार केली, साहेबांची परवानगी घेतली आणि पहिल्या बोटीने जमादाराला आणि तिला घेऊन निघालो.

जमादाराचा जीव वरखाली होत होता. "सायेब, ही मुंबैत पाय ठेवल्याबरोबर तुमच्या हातावर तुरी देऊन जाईल. मग मी पेन्शनीचं काय करू?"

"तू काय करायचंस? माझ्या घरी येऊन तांदूळ निवड," मी म्हटलं. पण खरं सांगतो, धाकधूक मलाही होती.

मुंबईला धक्क्यावर दोन शिपाई आमच्यासाठी थांबले होते. ती पुढे, आम्ही दूर दूर मागे. गर्दीत तिला निसटायला शंभर वाटा होत्या. एका वळणावर ती थबकली आणि जमादाराने माझा दंड घट्ट पकडला. पण ती पळण्यासाठी थांबली नव्हती. भिंतीला धरून ती उभी राहिली, श्वास घेतला आणि चालू लागली. एका चाळीच्या जिन्याशी आली तेव्हा तिने वळून हाताने सांगितलं, थांबा. वर जाऊन तिने दार ठोठावलं. "मी हाय, उघडा. दुसरी पोर आणलीय, खाली जिन्याशी हाय." दार उघडलं आणि आम्ही जिना चढून आत घुसलो.

उत्तरेकडचा माणूस आणि खोली सांभाळणारी बाई जागीच सापडले. मुलगी कोपऱ्यात चुलीमागे दबून बसली होती. आमच्या वर्द्या पाहून ती आणखीनच आत सरकली. मी म्हटलं, "बाळ, घाबरू नकोस, आम्ही पोलीस." ते ऐकून ती मोठ्याने रडायला लागली. मग त्या पाठराखिणीने मला अक्षरशः बाजूला ढकललं आणि खाली बसून हात पसरले. पोर तिच्या गळ्यात पडली.

"मावशी, मला आयेकडं न्हे."

"न्हेते गो. आता न्हेतेच."

मी पंच बोलावून पंचनामा करायला लागलो, पण माझ्या डोळ्यांसमोरचा कागद धूसर दिसत होता. जमादार माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर पाहत होता आणि सारखं नाक ओढत होता.

पुढचं कोर्टात झालं. ती बाई माफीची साक्षीदार झाली. दलालाच्या वकिलाने तिला नको नको ते विचारलं. ती डगमगली नाही. दलाल, तो खोटा नवरा, खोलीवाली बाई आणि उत्तरेकडचा माणूस, चौघांनाही शिक्षा झाल्या. तिने सांगितलेल्या खुणांवरून आधीच्या काही मुलींचाही शोध लागला. सगळ्यांचा लागला नाही, हे मला आजही डाचतं.

पण खटल्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. खरं तर तीच सांगायला मी बसलो.

सोडवलेली मुलगी घाटाच्या पायथ्याच्या एका गावातली. तिची आई विधवा, घरात दुसरं कुणी नाही. आम्ही मुलीला पोचवायला गेलो तेव्हा ती बाईही सोबत होती, कारण पोर तिचा हात सोडायला तयार नव्हती. आईने लेकीला कवटाळलं, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मग त्या बाईला विचारलं, "तुजा घर कुठं?" तिने पोरीचा हात आणखी घट्ट धरला. आईने आणखी विचारलं नाही. म्हणाली, "मग हितंच ऱ्हा."

गावात मात्र कुजबुज सुरू झाली. आपली पोर कुठे कुठे राहून आली, तिच्या हातचं पाणी चालायचं का? आणि ही दुसरी परकी बाई कोण? पेरणीआधी देवळात सगळं गाव जमून देवाला गाऱ्हाणं घालतं. त्या वेळी, मुलगी घरी पोचल्याची पंचांकडून पोचपावती घेण्याच्या निमित्ताने, मी मुद्दाम तिथे जाऊन बसलो. समोर मानकरी, मध्ये गुरव, बायका मागे. दोघी खांबाआड उभ्या होत्या. गुरव हात जोडून गावाची सुखदुःखं देवाला सांगू लागला आणि प्रत्येक ओळीला गाव "व्हय म्हाराजा!" म्हणत होतं. शेवटाला आला तरी त्या दोघींचं नाव निघेना.

तेव्हा ती विधवा मागून पुढे आली. विधवेने भर देवळात मानकऱ्यांपुढे बोलायचं, हे त्या काळात कुणी पाहिलं नव्हतं.

"गाऱ्हाण्यात माज्या लेकींची नावा घ्या. दोघींची."

"दोघींची?" एक मानकरी म्हणाला.

"व्हय. एक मी जल्माला घातली. दुसरीनं ती मला परत आणून दिली."

गुरवाने मानकऱ्यांकडे पाहिलं, मानकऱ्यांनी जमिनीकडे. शेवटी त्या म्हाताऱ्या गुरवालाच काय वाटलं कोण जाणे. त्याने डोळे मिटले, दोघींची नावं घेतली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बा द्येवा म्हाराजा, ह्या गावाच्या दोन लेकी दूर देशातून माघारी येऊन तुज्या पायाशी उब्या हायत. कुणाची वायट नजर असंल, कुणाचा वायट शबुद असंल, तो मोडून टाक आणि त्यांची रखवाली कर रे म्हाराजा!"

आणि गाव गप्प. मी घाटावरचा माणूस. त्या देवळात ना माझा मान होता, ना अधिकार. पण मला राहवलं नाही. मी होतो तिथे उभा राहिलो आणि परेडच्या मैदानावर देतो तसा आवाज दिला, "व्हय म्हाराजा!"

क्षणभर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या शेजारी जमादार उठला. "व्हय म्हाराजा!" मग मागून बायकांचा आवाज आला. मग कडेच्या तरुण पोरांचा. आणि शेवटी मानकऱ्यांसकट सगळं गाव असं गरजलं की देवळाच्या कौलांवरचे कावळे उडाले.

नोकरीतून मी एवढंच शिकलो की कायद्याचा हात लांब असला तरी तो दारापर्यंतच पोचतो. आम्ही माणसाला सोडवू शकतो, गुन्हेगाराला तुरुंगात घालू शकतो. पण घरात घेणं हे घरातल्यांचंच काम, आणि ते कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही. आमच्या हिने डोळे उघडे ठेवले, तांडेलाने तोंड उघडलं, ती बाई भीती वाटत असूनही जिना चढली, आणि त्या माउलीने सगळ्या गावासमोर दोन लेकी मागितल्या. मी फक्त पंचनामे लिहिले. त्या सगळ्यांचा मी जन्माचा ऋणी आहे.

देवळातून लोक पांगले तरी ती बाई खांबाला धरून रडतच होती. मी निघताना जवळून गेलो, तेव्हा ती माउली तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "पुरे गो आता. घरला चल, चुलीवर भात ठेवलाय, करपंल."